गरीब माणूस लाल बावट्याखाली का जातो?

(मंडळीतील अभ्यासवर्गाकरिता पाठ)

शास्त्रभाग : निर्गम ५:१ ते ६:९, नहेम्या ५:१-१३, याकोब ५:१-६.



खेडोपाडी प्रभूचे काम करणाऱ्या आमच्या सुवार्तिक बंधूंस एक अनुभव आता नवा राहिलेला नाही. रविवारच्या उपासनेस नेमाने येणारा, मुलांस गीते शिकविणारा एखादा तरुण काही आठवडे दिसत नाही. मग कळते की तो तालुक्याच्या मोर्च्यात लाल बावटा धरून चालला होता. मंडळीतील वडील माणसे हळहळतात. कोणी म्हणतो, त्यास पैशाची लालूच दाखविली असेल. कोणी म्हणतो, शहरातल्या पुढाऱ्यांनी भोळ्यास फसविले. कोणी म्हणतो, त्याने देवासच सोडले. ही तीन उत्तरे सहज तोंडावर येतात. ती खरी आहेत की नाहीत, हे मात्र फारसे कोणी तपासून पाहत नाही. आजच्या पाठात आपण तेवढेच काम करणार आहोत.

ज्या चळवळीविषयी बोलावयाचे ती कोणती, हे प्रथम स्पष्ट असावे. जमीन, कारखाने व उत्पन्नाची इतर साधने थोड्या धनिकांच्या हाती न राहता सर्व श्रम करणाऱ्यांची व्हावीत, ह्या मतास समाजवाद म्हणतात. हा पालट हळूहळू कायद्याने व्हावा असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु धनिक लोक आपली सत्ता आपण होऊन कधीच सोडणार नाहीत, सबब ती उलथूनच टाकिली पाहिजे, असे ज्यांचे मत ते क्रांतिकारी समाजवादी होत. कम्युनिस्ट पक्ष हा त्यांपैकी प्रमुख. पुस्तकी मत हे असे आहे. परंतु ज्या हजारो निरक्षर माणसांनी अशा चळवळींत उडी घेतली, त्यांनी हे मत पुस्तकात वाचलेले नव्हते. ती का गेली हे पाहण्याकरिता आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. ते म्हणजे ठाणे जिल्ह्यातील वारली लोकांचा सन १९४५ ते १९४७ ह्या काळातील उठाव.

१. वारल्यांची दशा

डहाणू व उंबरगाव हे त्या काळी ठाणे जिल्ह्याचे उत्तरेकडील तालुके होते. (आज डहाणू व तलासरी हे तालुके पालघर जिल्ह्यात आहेत, आणि उंबरगाव सन १९६० पासून गुजरात राज्यात आहे.) ह्या डोंगराळ मुलखात वारली लोक पिढ्यानपिढ्या राहत आले. एके काळी जमीन त्यांची होती. पुढे रोख शेतसारा, सावकारी कर्ज व कोर्टाचे हुकूमनामे ह्या मार्गांनी ती बाहेरून आलेल्या जमीनदार-सावकारांच्या हाती गेली, आणि ज्या शेताचा वारली धनी होता त्याच शेतावर तो कूळ झाला. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून धन्याच्या खळ्यात जाई. पावसाळ्यात घरात दाणा उरत नसे. तेव्हा त्याच धन्याकडून खावटी उचलावी आणि सुगीस ती दिढीने फेडावी. फेड झाली की कणगी पुन्हा रिकामी.

त्यावर वेठ असे. धन्याचे बोलावणे आले की आपले शेत तसेच टाकून त्याच्या शेतावर, त्याच्या घरी, गवतकापणीस, लाकूडतोडीस जावे लागे, आणि त्याबद्दल काही पदरात पडेलच असा नेम नसे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी गावकीची वेठ भोगलेली आहे. तेव्हा हा शब्द फोड करून सांगण्याची गरज नाही.

सर्वांत वाईट चाल लग्नगड्याची होती. लग्नाच्या खर्चाकरिता ज्याने सावकाराकडून रुपये उचलले, तो ते फिटेपर्यंत त्या सावकाराच्या घरचा गडी होई. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत असे आणि वारल्यास ती वही वाचता येत नसे. त्यामुळे आयुष्य सरे, पण कर्ज सरत नसे. त्याची बायकोही त्याच घरी राबे, आणि तिच्या अब्रूस तेथे कोणाचा आधार नसे. कामास नकार देणाऱ्यास मार बसे. नवरा-नवरी ज्या दिवशी संसार मांडीत, त्याच दिवशी दोघेही दास होत.

२. दाद मागण्याच्या वाटा

कोणी विचारील की, सरकार होते, कचेऱ्या होत्या, कायदे होते. मग हे लोक तेथे का गेले नाहीत? कचेरी दूर होती. तेथील भाषा कागदाची, आणि वारल्याजवळ अंगठ्यापलीकडे कागदास लावण्यास काही नव्हते. वकिलास द्यावयास पैसा नव्हता, आणि धन्याविरुद्ध तोंड उघडल्यास शेत व झोपडी दोन्ही जाण्याचे भय होते.

सरकारास हे ठाऊक नव्हते असेही नाही. मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन नावाच्या आपल्या एका अधिकाऱ्याकडून आदिवासी व डोंगरी जातींच्या स्थितीची पाहणी करविली होती. सन १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात वेठ, लग्नाच्या कर्जातून उत्पन्न होणारी गुलामी आणि मारहाण ह्यांविषयी उघड लिहिले होते. अहवाल छापला गेला. परंतु सहा वर्षांनी, सन १९४५ मध्ये, लग्नगडी सावकाराच्या घरी तसाच राबत होता.

ह्या ठिकाणी दुसऱ्या एका देशातील गोष्ट ध्यानात आणावी, कारण पुढे आपणांस तिकडे पुन्हा वळावयाचे आहे. रशिया देशात सेंट पीटर्सबर्ग शहरी सन १९०५ च्या जानेवारीत, एका रविवारी, हजारो कामकरी आपल्या बायकामुलांसह राजवाड्याकडे निघाले. त्यांच्या पुढे गापोन नावाचा एक धर्मगुरू होता. हातांत पवित्र चित्रे व बादशहाची तसबीर होती. मुखी धर्मगीते होती. मजुरी वाढवावी, कामाचे तास आठ असावेत, आपले गाऱ्हाणे मांडण्याची मोकळीक असावी, असा त्यांचा अर्ज होता. बादशहा शहरात नव्हता. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बादशहास बाप मानणारी ती माणसे होती. त्या दिवशी त्यांचा तो विश्वास मोडला. पुढे बारा वर्षांनी, सन १९१७ मध्ये, त्याच शहरी राज्यक्रांती झाली.

ह्यावरून पहिला धडा मिळतो. सामान्य मनुष्य आरंभीच क्रांतीच्या दारी जात नाही. तो आधी धन्यापुढे हात जोडतो, मग कचेरीत अर्ज देतो, मग देवाच्या सेवकाकडे पाहतो. जेव्हा ही सर्व दारे त्यास बंद आढळतात, तेव्हा तो उरलेले एक दार ठोठावितो.

३. झोपडीत आलेली माणसे

दुःख पुष्कळ आणि वाटा बंद, एवढ्यानेच मनुष्य उठतो असे मात्र नव्हे. तसे असते तर वारली पन्नास वर्षे आधीच उठले असते. अति दुःखाने मनुष्य उठत नाही, तो वाकतो. ‘आपले नशीबच असे’ असे त्यास वाटू लागते. मग सन १९४५ मध्ये निराळे काय घडले?

त्या वर्षीच्या जानेवारीत कल्याणजवळ टिटवाळे येथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. तेथे काही थोडे वारली गेले. शेकडो शेतकरी एकत्र बसून आपली गाऱ्हाणी निर्भयपणे बोलतात, हे त्यांनी पाहिले. त्यांपैकी एकाने उभे राहून आपल्या लोकांची हकिकतही सांगितली. त्यानंतर शामराव परुळेकर व त्यांच्या पत्नी गोदावरीबाई हे कम्युनिस्ट पक्षाचे दोन कार्यकर्ते त्या डोंगरात गेले.

गोदावरीबाईंचा जन्म सन १९०७ चा, सुखवस्तू गोखले घराण्यातील. त्या कायद्याची पदवी मिळविलेल्या होत्या, आणि पूर्वी भारत सेवक समाजाचे कामही त्यांनी केले होते. अशी सुशिक्षित बाई पाड्यापाड्यांतून पायी फिरू लागली, वारल्यांच्या झोपडीत उतरू लागली, ते जे खात ते खाऊ लागली, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेऊ लागली. त्या लोकांनी आजवर जो शहाणा मनुष्य पाहिला तो हुकूम देणारा होता. ऐकून घेणारा नव्हता. त्यांस ती ‘गोदूताई’ झाली. सन १९७० मध्ये तिने ह्या सर्वाचा वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहून प्रसिद्ध केला. आपणही माणूस आहोत, धन्याचा बैल नव्हे, ही गोष्ट वारल्यांस प्रथम पटली. बाकी सर्व मागाहून आले.

येथे दुसरा धडा आहे. मनुष्य मताच्या मागे जाण्यापूर्वी माणसाच्या मागे जातो. जो त्याच्या उंबरठ्याच्या आत आला, ज्याने त्याचे नाव घेऊन हाक मारली, त्याचा बावटा कोणत्या रंगाचा हे तो पुढे विचारतो.

४. झरीचा ठराव

त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी ह्या गावी वारल्यांची सभा भरली. सुमारे पाच हजार लोक जमले. ह्या सभेत जगाच्या क्रांतीचे वेळापत्रक ठरले नाही. ठरले ते इतकेच: आजपासून कोणी वेठ करावयाची नाही; कोणी लग्नगडी म्हणून राहावयाचे नाही; आणि धन्याच्या शेतावर काम केल्यास रोज बारा आणे रोख मजुरी घ्यावयाची.

ह्या ठरावाचे बळ कशात होते ते पाहावे. पहिले, तो कोणासही समजण्याजोगा होता. दुसरे, तो अमलात आणण्यास सरकारची परवानगी लागत नव्हती. उद्या सकाळी बोलावणे आले असता ‘येत नाही’ एवढेच म्हणावयाचे होते. तिसरे, एकट्याने ते म्हटले असते तर त्याची पाठ फुटली असती. सर्वांनी म्हटले म्हणून कोणाची फुटली नाही. थोड्याच आठवड्यांत वारल्यांचे जथे लाल बावटे घेऊन गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांस मोकळे करीत गेले. ज्या धन्याचे नाव घेताना जीभ अडखळे, त्याच्या वाड्यातून आपली माणसे बाहेर निघताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

आता ते तीन आक्षेप आठवावेत. पैशाची लालूच म्हणावी, तर चळवळीजवळ वाटावयास पैसा नव्हता. उलट काम बंद ठेवून उपास काढावे लागले. फसवणूक म्हणावी, तर जे सांगितले गेले ते ह्याच गोष्टीत डोळ्यांदेखत खरे झाले. देव सोडला म्हणावे, तर वारली आपला हिरवा देव, वाघदेव पूजीत होते तसेच पुढेही पूजीत राहिले. नास्तिकपणाचे तत्त्वज्ञान ऐकून ते बावट्याखाली आले नाहीत, आणि बावट्याखाली आल्याने त्यांनी आपली पूजाही टाकिली नाही. पुढाऱ्यांची पुस्तके एक सांगत असतील; अनुयायाचे हृदय निराळेच काही शोधीत असते. ही गोष्ट सुवार्तिकाने कधी विसरू नये.

५. तलवाडा आणि नानिवली

पावसाळा सरला आणि गवतकापणी आली. त्या मुलखातील गवत मुंबईच्या बाजारात जात असे व जमीनदारांस त्यात मोठा नफा होता. वारल्यांनी मागणी केली की पाचशे पौंड गवतास अडीच रुपये मजुरी मिळावी. नाही तर कोयता खाली. संप सुरू झाला.

सन १९४५ च्या ऑक्टोबरच्या १० तारखेस तलवाडा येथे हजारो वारली जमले. चळवळीतील लोकांनी ह्याचे कारण असे सांगितले आहे की, गोदूताई तेथे सभा घेणार असून त्यांच्या जिवास धोका आहे, अशी खोटी आवई विरुद्ध पक्षाने उठविली, आणि दुसरीकडे पोलिसांस सांगितले की वारली हल्ला करावयास जमत आहेत. गोदावरीबाई तेथे नव्हत्या. पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड व आणखी चौघे असे पाच वारली ठार झाले. तरीही लोक आपल्या ताईस सोडून जावे लागेल म्हणून जागचे हलेनात.

गोळीने चळवळ मोडेल असे ज्यांस वाटले त्यांचा हिशेब चुकला. परुळेकर पती-पत्नींस जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, सन १९४६ मध्ये जंगलतोडीच्या कामाचाही संप झाला, आणि सन १९४७ च्या जानेवारीत पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पाच माणसे पडली. ज्या घरचा मनुष्य बावट्याखाली मेला त्या घराने तो बावटा सहसा खाली ठेविला नाही. त्या मुलखात किसान सभेचे मूळ तेव्हापासून रुजलेले आहे. देशात वेठबिगारी नष्ट करणारा स्वतंत्र कायदा झाला तो सन १९७६ मध्ये, म्हणजे झरीच्या ठरावास एकतीस वर्षे झाल्यावर.

हा केवळ जुन्या काळचा वृत्तान्त नव्हे. सन २०१८ च्या मार्च महिन्यात नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी, त्यांत पुष्कळसे आदिवासी, लाल टोप्या व लाल बावटे घेऊन पायी चालत गेले. ज्या वनजमिनी ते कसत होते त्यांवरील हक्क सन २००६ च्या कायद्याने मान्य झाले होते, परंतु त्यांचे दावे निकालात निघाले नव्हते. कित्येकांच्या पायांत वहाणा नव्हत्या. शहरात दहावीची परीक्षा होती. मुलांस अडथळा होऊ नये म्हणून ते रात्रीच चालून पहाटेपूर्वी आझाद मैदानावर पोहोचले. मुंबईच्या लोकांनी त्यांस पाणी, अन्न व चपला दिल्या. ह्या चालणाऱ्यांत बहुतेकांजवळ कोणताही ग्रंथ नव्हता. जमिनीच्या दाव्याचे कागद मात्र होते.

६. शास्त्र काय सांगते

आता पवित्र शास्त्राकडे वळू. निर्गमाच्या सहाव्या अध्यायाचे नववे वचन सर्वांनी काढून वाचावे. मोशे देवाचा निरोप घेऊन इस्राएलाकडे गेला. निरोप सुटकेचाच होता. तरी लोकांनी त्याचे ऐकले नाही. आणि का ऐकले नाही ते शास्त्र तेथेच सांगते. त्यांचा जीव खचला होता आणि दास्य कठीण होते. शास्त्र त्यांस कठोर मनाचे म्हणत नाही, अविश्वासू म्हणत नाही. फारोच्या विटांच्या ओझ्याने त्यांचे कान बंद झाले होते. मग देवाने काय केले? लोकांस बोल लावून तो थांबला नाही. त्याने फारोच्या वेठीस हात घातला.

सुवार्तिक बंधूंनो, आपण पाड्यावर सुवार्ता सांगतो आणि कोणी ऐकत नाही, तेव्हा हे वचन आठवावे. ज्याचा दिवस परक्याचा आहे आणि रात्र कर्जाची आहे, त्याच्या कानी आपले शब्द का पोहोचत नाहीत, ह्याचे एक उत्तर येथे आहे.

नहेम्याचा पाचवा अध्याय तर जणू वारल्यांचेच गाऱ्हाणे होय. दुष्काळात धान्याकरिता शेते, मळे, घरे गहाण पडली. शेतसाऱ्याकरिता कर्ज काढले. मुलगे व मुली दास्यात गेल्या. आणि सावकार कोण, तर आपलेच भाऊबंद. हा आक्रोश ऐकून नहेम्याने लोकांस ‘शांत राहा, प्रार्थना करा’ एवढेच सांगून घरी पाठविले नाही. तो संतापला, त्याने मनात विचार केला, मग सरदारांस व अधिकाऱ्यांस तोंडावर दोष दिला, मोठी सभा भरविली, आणि शेते व व्याज परत देण्याची शपथ याजकांसमक्ष घेवविली. त्याने स्वतःही अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, हे त्याच अध्यायात पुढे आहे. आणि याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेविलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे प्रेषित बजावितो. तेव्हा मजुरीचा प्रश्न हा ‘जगाचा’ आहे, मंडळीचा नव्हे, असे कोणी म्हणू नये. तो प्रश्न देवाच्या कानी आपल्या आधी पोहोचलेला आहे.

७. कोठे थांबावे

इतके मान्य केल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. अन्यायाविरुद्ध उठणारा प्रत्येक मार्ग अन्याय दूर करतोच असे नाही.

वर ज्या रशियाची गोष्ट सांगितली तेथेच पुढे काय झाले ते पाहावे. सन १९१७ मध्ये शेतकऱ्यास जमिनीचे वचन मिळाले. परंतु सन १९२९ नंतर तीच जमीन सरकारी जुलमाने सामुदायिक शेतीत ओढून घेण्यात आली; विरोध करणाऱ्यांस घरादारांतून उठवून दूर पाठविले; आणि १९३२ व १९३३ सालांच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्यांत धान्य पिकविणारे शेतकरीच फार. प्रार्थनामंदिरे बंद झाली आणि पुष्कळ धर्मसेवक मारले गेले. गरिबांच्या नावाने मिळालेली सत्ता गरिबांवर चालू लागली, आणि तिला जाब विचारणारा कोणी उरला नव्हता. जो पक्ष आपल्या वर कोणासही मानीत नाही, त्याच्या हाती मनुष्याचा जीव सुरक्षित नसतो. मग आरंभी त्याचा हेतू कितीही चांगला असो.

मोशेनेही पहिल्या वेळी आपल्या भावावरचा जुलूम पाहून मिसऱ्यास ठार केले व वाळूत पुरले. त्याने एकही दास मोकळा झाला नाही. मोशेलाच पळावे लागले. चाळीस वर्षांनी देवाने पाठविले तेव्हा त्याच्या हाती तलवार नव्हती, काठी होती.

म्हणून मंडळीतील तरुणाने विचारले की, ‘मी मजुरीच्या मोर्च्यास जाऊ का?’ तर सुवार्तिकाने घाईने ‘नको’ म्हणू नये. योग्य मजुरी मागणे, वेठ नाकारणे, कायद्याने दिलेला हक्क सर्वांनी मिळून मागणे, ह्यांत पाप नाही. परंतु धन्यास मनुष्य न मानता वैरी मानावे, रक्त सांडावे, घर जाळावे, किंवा पक्ष सांगेल ते देवाच्या आज्ञेहून मोठे समजावे, ही वेळ आली की ख्रिस्ती मनुष्याने थांबावे, आणि का थांबलो ते आपल्या सोबत्यांस नम्रपणे पण उघड सांगावे. असे सांगण्याचा अधिकार मात्र त्यासच पोहोचतो, जो तेथपर्यंत त्यांच्याबरोबर चालला आहे.

८. एका उपदेशकाचे उदाहरण

असे चालणे कसे असते, हे इंग्लंडातील टॉलपडल ह्या लहानशा खेड्यावरून कळेल. तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातावर आली आणि सहावर येणार असे कळले. जॉर्ज लव्हलेस नावाचा एक शेतमजूर, जो मेथडिस्ट मंडळीत उपदेशही करीत असे, त्याने आपल्या सोबत्यांस एकत्र करून सन १८३३ मध्ये मजुरांची संस्था स्थापिली. त्यांनी कोणाच्या गंजीस आग लाविली नाही की कोणावर हात टाकिला नाही. तरी गुप्त शपथ घेतली ह्या निमित्ताने सन १८३४ मध्ये लव्हलेस व इतर पाच जणांस सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाकडे पाठविण्यात आले. देशभर लोकांनी त्यांच्याकरिता सह्या केल्या, मोर्चे काढिले, आणि दोन वर्षांनी त्यांस माफी मिळाली.

लव्हलेस मोठा विद्वान नव्हता. आपल्या सुवार्तिकांसारखाच तो आठवडाभर राबून रविवारी वचन सांगणारा होता. परंतु मजुरांस जेव्हा पुढे चालणारा मनुष्य हवा होता, तेव्हा त्यांस तो आपल्याच उपासनामंदिरात सापडला. डहाणूच्या भागात मिशनचे शाळा-दवाखान्यांचे काम होते, व ते चांगले होते. तरी लग्नगड्याचा दोर कापणारा हात वारल्यांस दुसरीकडून आलेला दिसला. हे वाचून कोणावर दोष ठेवण्यात हशील नाही. उद्या आपल्या गावी काय दिसेल, हे आपल्या हाती आहे.

९. सुवार्तिकाने काय करावे

पहिली गोष्ट, आपल्या मंडळीतील प्रत्येक घराची स्थिती जाणून घ्यावी. कोणाचे कर्ज कोणाकडे आहे, व्याज किती, मजुरी किती मिळते, सरकारी दर किती आहे, हे वहीत टिपावे.

दुसरी, अंगठा लावण्यापूर्वी कागद वाचून दाखवावा. खेड्यातील शिकलेल्या मनुष्याने करण्याजोगी ह्याहून मोठी सेवा थोडी असेल.

तिसरी, एकट्याने कचेरीत जाण्यास जो भितो त्याच्याबरोबर आपण जावे. तेथे फार बोलता आले नाही तरी चालेल; शेजारी उभे राहावे.

चौथी, मंडळीत लहानशी बचतमंडळी असावी, म्हणजे लग्न, आजार व बी-बियाणे ह्यांकरिता सावकाराचे दार कमी लागेल. लग्नाचा खर्चही मंडळीने ठरावाने कमी करावा. ज्या कर्जाने वारली दास झाला ते लग्नाचेच होते, हे विसरू नये.

पाचवी, मंडळीतील जो कोणी स्वतः मजूर लावितो त्याने आधी आपल्या मजुरांची मजुरी वेळेवर व पूर्ण द्यावी. नहेम्याचा दोष भाऊबंदांसच होता.

आणि शेवटची, जो तरुण मोर्च्यास गेला त्याच्या घरी ह्याच आठवड्यात जावे. उपदेश करण्याकरिता नव्हे. ‘कशाकरिता गेलास ते मला सांग’ असे म्हणून बसावे, आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मधे बोलू नये.

चर्चेकरिता प्रश्न

१. निर्गम ६:९ प्रमाणे लोकांनी मोशेचे का ऐकले नाही? आपल्या गावात असे कोण आहेत?

२. झरीच्या सभेत कोणत्या तीन गोष्टी ठरल्या? त्या लोकांस शक्य का वाटल्या?

३. नहेम्याने कोणकोणत्या पायऱ्यांनी काम केले? त्यांपैकी आपली मंडळी कोणती पायरी उचलू शकेल?

४. मोशेने मिसऱ्यास मारले त्यापासून काय साधले? हक्क मागणे आणि सूड घेणे ह्यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.

५. आपल्या मंडळीतील कोणी अडचणीत असता प्रथम कोणाकडे जातो? मंडळीकडे येत नसल्यास त्याचे कारण काय?

पाठाच्या शेवटी वर्गचालकाने गावातील कर्जात व वेठीत सापडलेल्या कुटुंबांची नावे घेऊन प्रार्थना करावी. नावे ठाऊक नसतील, तर पुढील रविवारपर्यंत ती ठाऊक करून घ्यावी.